मारिओ पानी : मेक्सिको शहराचा गृहशिल्पी

घर पाहावें बांधून, अशी आपल्याकडे म्हण आहे. एकच घर बांधावयास काढलें म्हणजे गृहस्थाची केवढी तारांबळ उडते, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांना, एका माणसानें अवघ्या तीन वसाहतींत मिळून सुमारें चौदा हजार कुटुंबांच्या बिऱ्हाडांची आंखणी केली आणि तीं सर्व उभीं राहिलेलीं पाहिलीं, हें ऐकून नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्यांपैकीं कांहीं इमारती त्याच्या हयातींतच कोसळल्या आणि त्यांच्या ढिगाऱ्याखालीं शेंकडों माणसें गाडलीं गेलीं, हें ऐकून तितकीच हळहळहि वाटेल. असें भाग्य आणि असें दुर्दैव एकाच कारकीर्दींत ज्यांच्या वांट्यास आलें, त्या मारिओ पानी या मेक्सिकन वास्तुशिल्पज्ञांचा परिचय आम्ही आज आमच्या वाचकांस करून देणार आहोंत.

मेक्सिको देश आपल्यापासून दूर खरा. परंतु महाराष्ट्राला तो अगदींच अनोळखी नाहीं. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत तेथें आश्रय घेतला, चापिंगो येथील शेतकी विद्यालयांत अध्यापन केलें, आणि दिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकारानें आपल्या एका भित्तिचित्रांत त्यांची आकृति रेखाटली, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. खानखोजे ज्या मेक्सिकोंत मक्याच्या नव्या जाती तयार करीत होते, त्याच मेक्सिकोंत पुढें पानी घरांचा नवा प्रकार शोधूं लागले. दोघांच्याहि कामाच्या मुळाशीं एकच परिस्थिति होती. १९१० सालीं सुरू झालेल्या राज्यक्रांतीनें सामान्य माणसाला जमीन, शिक्षण आणि निवारा यांची आशा दाखविली होती, आणि ती पुरी करण्याची पाळी आतां नव्या सरकारवर आली होती.

शिक्षण आणि उमेदवारी

मारिओ पानी यांचा जन्म २९ मार्च १९११ रोजीं मेक्सिको शहरांत झाला. घराणें सुशिक्षित आणि राजदरबारीं वजन असलेलें. चुलते आल्बेर्तो पानी हे इंजिनियर असून क्रांतीनंतरच्या सरकारांत परराष्ट्र आणि अर्थ या खात्यांचे मंत्री झाले. वडील आर्तुरो पानी परराष्ट्र खात्याच्या नोकरींत असल्यामुळें मारिओंचें बालपण युरोपांत गेलें. पॅरिस येथील ‘एकोल दे बोझार’ या जुन्या आणि कडक शिस्तीच्या कलाशाळेंत त्यांनीं वास्तुशिल्पाचें शिक्षण घेतलें, आणि १९३४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते मायदेशीं परतले.

पहिलें मोठें काम घरांतूनच मिळालें. चुलत्यांना शहराच्या ‘रिफॉर्मा’ या प्रशस्त राजमार्गावर नव्या धर्तीचें हॉटेल बांधावयाचें होतें. तें काम पुतण्यानें केलें आणि १९३६ सालीं हॉटेल उभें राहिलें. वशिल्यानें पहिलें काम मिळतें, दुसरें मात्र गुणांवरच मिळवावें लागतें. पानी यांना दुसरें, तिसरें आणि विसावें कामहि मिळत गेलें. १९३८ सालीं त्यांनीं ‘आर्किटेक्तुरा’ हें वास्तुशिल्पविषयक नियतकालिक काढलें आणि तें सुमारें चाळीस वर्षें चालविलें. नियतकालिक चार वर्षें चालविणें म्हणजे काय असतें याची ज्यांना कल्पना आहे, त्यांना या एका गोष्टीवरूनच त्यांच्या चिकाटीची ओळख पटेल. या पत्रांतून युरोप-अमेरिकेंतील नवे विचार मेक्सिकोंत येत, आणि मेक्सिकोंतील नवीं कामें बाहेरच्या जगास दिसत. चाळिशीच्या आंत असतांनाच शिक्षकांसाठीं राष्ट्रीय अध्यापन-विद्यालय आणि संगीतासाठीं राष्ट्रीय संगीत-विद्यालय अशीं दोन मोठीं सरकारी कामें त्यांच्या हातून पार पडलीं.

फुगत चाललेलें शहर

मेक्सिको शहर हें एका जुन्या सरोवराच्या तळावर वसलेलें आहे. आस्तेक लोकांची राजधानी पाण्यानें वेढलेल्या बेटावर होती. स्पॅनिश लोकांनीं ती जिंकल्यावर हळूहळू पाणी हटविलें, परंतु खालचा चिखल तसाच राहिला. या मऊ गाळाच्या थरांतून विहिरींनीं पाणी उपसल्यामुळें विसाव्या शतकांत शहराचे कांहीं भाग आठ मीटरांहून अधिक खचले. या गोष्टीची वाचकांनीं नोंद ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

अशा जमिनीवर माणसांचा लोंढा येऊं लागला. १९४० सालीं राजधानीच्या प्रांताची वस्ती साडेसतरा लाखांच्या आसपास होती. १९५० सालीं ती तीस लाखांवर गेली, आणि १९६० सालीं पन्नास लाखांच्या जवळ पोंचली. हीं माणसें राहात कोठें? पुष्कळशीं ‘वेसिंदाद’ नांवाच्या जुन्या घरांत. मध्यें लांबट चौक, दोन्ही बाजूंस एकेका खोलीचीं बिऱ्हाडें, सर्वांत मिळून एक नळ आणि मोजकीच शौचकुपें, असें त्या घरांचें स्वरूप असे. मुंबईची चाळ किंवा भाडेकरूंनीं भरलेला पुण्याचा वाडा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना अधिक वर्णन नको. १९४२ सालीं महायुद्धाच्या काळांत तेथील सरकारनें भाडीं गोठविलीं. भाडेकरूला त्याचा आधार झाला. परंतु मालकांचा दुरुस्तीवरचा हात आंखडला आणि जुनीं घरें अधिकच जीर्ण होत गेलीं. मुंबई इलाख्यांत भाडेनियंत्रणाच्या कायद्याचा अनुभव यापेक्षां फारसा निराळा नाहीं.

दोनशें घरांच्या जागेंत एक हजार ऐंशी

१९४७ सालीं सरकारी नोकरांच्या पेन्शनीचा कारभार पाहणाऱ्या खात्यानें आपल्या लोकांसाठीं वसाहत बांधण्याचें ठरविलें. दक्षिणेकडील देल व्हाये या भागांत सुमारें चाळीस हजार चौरस मीटरांची जागा होती. खात्याची अपेक्षा साधी होती : दोनशें सुटीं घरें, प्रत्येकाला थोडेंसें अंगण. पानी यांनीं उलट विचार मांडला. दोनशें घरें बांधलीं तर सगळी जागा भिंतींनीं आणि रस्त्यांनीं व्यापून जाईल, आणि सोय मात्र दोनशेंच कुटुंबांची होईल. त्याऐवजीं घरें एकावर एक रचलीं तर हजारांहून अधिक कुटुंबें राहूं शकतील, शिवाय जमिनीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग बागेसाठीं आणि मुलांच्या खेळासाठीं मोकळा सांपडेल.

हें म्हणणें कागदावर बिनतोड होतें. परंतु एवढ्या मोठ्या वसाहतीचा अनुभव देशांत कोणालाच नव्हता. बेर्नार्दो किंताना या तरुण इंजिनियरानें आपल्या सोबत्यांसह त्याच वर्षीं एक बांधकाम कंपनी काढली होती. तिनें हें काम पत्करलें. दोन वर्षांत काम पुरें होऊन सप्टेंबर १९४९ मध्यें अध्यक्ष मिगेल आलेमान यांच्या नांवानें वसाहतीचें उद्‌घाटन झालें. तींत १,०८० गाळे होते. फ्रान्समध्यें मार्सेय येथें ल कॉर्ब्युझिए यांची सुप्रसिद्ध बहुमजली वसाहत त्या वेळीं अजून बांधलीच जात होती. ती १९५२ सालीं पुरी झाली आणि तींत ३३७ बिऱ्हाडें होतीं. गुरु मानल्या गेलेल्या माणसाच्या आधीं शिष्यानें, आणि तेंहि तिप्पट मोठें काम, पुरें करून दाखविलें.

या वसाहतीची रचना गृहिणींनीं समजून घेण्यासारखी आहे. तेरा मजल्यांच्या उंच इमारती जागेंतून नागमोडी ओळीनें नेल्या आहेत, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडत नाहीं आणि सर्वांना उजेड मिळतो. कडेला तीन मजल्यांच्या बैठ्या इमारती आहेत. लिफ्ट दर मजल्यास थांबत नाहीं, दर तिसऱ्या मजल्यास थांबते. म्हणजे तेरा मजल्यांत अवघे पांच थांबे. ओटीसारखी लांब गॅलरी तेवढ्याच मजल्यांवर असते. बहुतेक बिऱ्हाडें दोन मजल्यांत विभागलेलीं असून त्यांत घरांतूनच लहानसा जिना आहे. यामुळें लिफ्टचा आणि गॅलरीचा खर्च वांचला, आणि गॅलरी नसलेल्या मजल्यांवर खोल्यांना दोन्ही बाजूंनीं वारा मिळाला. खालीं दुकानें, कपडे धुण्याची सामाईक व्यवस्था, बालकमंदिर, दवाखाना आणि पोहण्याचा तलाव. भाजी आणण्यासाठीं किंवा मुलाला बालकमंदिरांत पोंचविण्यासाठीं रहदारीचा रस्ता ओलांडावयास नको. ज्या कारकुनाचें कुटुंब काल एका खोलींत राहात होतें, त्याला आज स्वतःचें स्नानगृह आणि खिडकींतून दिसणारीं झाडें मिळालीं.

या वसाहतीशीं आणखी एक आठवण निगडित आहे. मेक्सिकोचे थोर चित्रकार होसे क्लेमेंते ओरोस्को हे तेथील एका भिंतीवर ‘वसंत’ या विषयावर चित्र रंगवीत होते. तें चित्र अपुरेंच राहिलें. ७ सप्टेंबर १९४९ रोजीं ओरोस्को यांचें देहावसान झालें.

मालकी आणि मोटार

पहिल्या यशानंतर कामांचा ओघ लागला. १९५० ते १९५२ या काळांत रोमा या भागांत, जुन्या राष्ट्रीय क्रीडांगणाच्या जागीं, ‘हुआरेस’ वसाहत झाली. तींत ९८४ गाळे होते, आणि कार्लोस मेरिदा या चित्रकारानें जुन्या आदिवासी कथांवरून घेतलेल्या आकृतींनीं इमारतींच्या दर्शनी भिंती सजविल्या होत्या. याच सुमारास एन्रिके देल मोराल यांच्याबरोबर पानी यांनीं राष्ट्रीय विद्यापीठाच्या नव्या नगरीचा आराखडा केला. ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर, अनेक वास्तुशिल्पज्ञांच्या सहकार्यानें ही नगरी उभी राहिली, आणि २००७ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

परंतु आमच्या मतें पानी यांचें एक काम असें आहे कीं जें डोळ्यांना दिसत नाहीं, तरी त्याचा परिणाम मोठ्या इमारतींपेक्षां दूरवर पोंचला. भाड्याच्या गाळ्यांत माणूस पाहुण्यासारखा राहतो. गाळ्याची मालकी त्याला मिळेल कशी? खालची जमीन, जिना, गच्ची आणि पाण्याची टांकी सर्वांची सामाईक, आणि भिंतींच्या आंतील घर मात्र ज्याचें त्याचें, अशी मालकीची रीत कायद्यांत स्पष्टपणें बसवावी, असा त्यांनीं आग्रह धरला. १९५४ सालीं तसा कायदा झाला, आणि त्याप्रमाणें रिफॉर्मा मार्गावर उभ्या राहिलेल्या पहिल्या इमारतींपैकीं एक पानी यांनींच बांधली. यापुढें ते केवळ नकाशे काढणारे राहिले नाहींत. जागा शोधणें, भांडवल जमविणें, कायद्याची वाट काढणें आणि गाळे विकणें हीं सर्व कामें त्यांच्या धंद्याचा भाग झालीं. एकाच माणसाच्या ठायीं कलावंत आणि व्यापारी यांची अशी गांठ पडली म्हणजे कामें झपाट्यानें होतात. परंतु त्या कामांना थांबविणारें कोणी उरत नाहीं, हेंहि खरें.

याच काळांत शहराच्या उत्तरेस ‘सातेलिते’ नांवाचें नवें नगर त्यांनीं आंखलें. मोटारीला कोठेंहि चौरस्त्यावर थांबावें लागूं नये म्हणून रस्ते वळसे घेत एकाच दिशेनें वाहणारे ठेवले, आणि पायीं चालणारांसाठीं आंतल्या बागांतून वेगळ्या वाटा काढल्या. नगराच्या वेशीवर लुईस बारागान आणि माथियास गोएरित्स यांनीं उभारलेले पांच रंगीत मनोरे अजून उभे आहेत. नगर आणि शहर यांच्यामध्यें मोकळी हिरवी जमीन राहावी अशी पानी यांची योजना होती. ती जमीन राहिली नाहीं. शहर सरकत सरकत आलें आणि त्यानें त्या नगराला आपल्या पोटांत घेतलें. नकाशा काढणाराच्या हातीं आंखणें असतें, शेजारच्या जमिनीवर त्याची सत्ता नसते.

त्लातेलोल्को

पानी यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम म्हणजे नोनोआल्को-त्लातेलोल्को वसाहत. राजधानीच्या मध्यभागाच्या उत्तरेस रेल्वेचीं आवारें आणि त्यांना लागून अत्यंत दाट, गलिच्छ वस्ती होती. ती पाडून तेथें नवें शहरच वसवावयाचें, असा हा बेत होता. अध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांच्या कारकीर्दींत सरकारी बँकेच्या भांडवलावर काम झालें, आणि नोव्हेंबर १९६४ मध्यें उद्‌घाटन झालें. सुमारें दहा लक्ष चौरस मीटर जागा, १०२ इमारती, जवळजवळ बारा हजार गाळे, त्यांशिवाय शाळा, दवाखाने, बाजार, नाट्यगृह आणि बागा. एका टोंकास १२७ मीटर उंचीचा, माथ्यावर घंटा असलेला त्रिकोणी आकाराचा मनोरा.

सबंध शहराच्या मध्यभागाभोंवतालची जीर्ण वस्ती हळूहळू याच रीतीनें काढून टाकावयाची, अशी पानी यांची आकांक्षा होती. जुन्या घरांत राहणाऱ्यांना मात्र हा व्यवहार तितकासा सरळ वाटला नाहीं. नव्या गाळ्यांचे हप्ते जुन्या भाड्याच्या कितीतरी पट होते. त्यामुळें जे गरीब तेथून उठले त्यांतील पुष्कळांना तेथें परत येतां आलें नाहीं, आणि नोकरदार मध्यम वर्गाचीं कुटुंबें तेथें राहावयास आलीं. वस्ती सुधारली, परंतु ज्यांच्या नांवानें ती सुधारली त्यांचें काय झालें, हा प्रश्न उरला.

शिवाय ही जागा साधी नव्हती. १५२१ सालीं आस्तेकांचा शेवटचा लढा याच त्लातेलोल्कोंत झाला. खोदकामांत त्यांच्या देवळांचे चौथरे उघडे झाले. त्याशेजारीं स्पॅनिश काळांतील सांतियागोचें दगडी चर्च, आणि भोंवतीं नव्या इमारती, असा तीन काळांचा संगम जेथें दिसतो त्या पटांगणाला ‘तीन संस्कृतींचा चौक’ असें नांव मिळालें.

या चौकांतच २ ऑक्टोबर १९६८ रोजीं संध्याकाळीं विद्यार्थ्यांची सभा भरली होती. मेक्सिकोंत ऑलिंपिक सामने सुरू होण्यास दहा दिवस उरले होते. चिवावा नांवाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील गॅलरींतून वक्ते बोलत होते. सैन्यानें चौक वेढला आणि गोळीबार सुरू झाला. मेलेल्यांचा आंकडा सरकारनें कांहीं डझनांपलीकडे मान्य केला नाहीं. इतरांनीं तो शेंकड्यांत सांगितला. आणि हा वाद आजतागायत मिटलेला नाहीं. माणसें जीव वांचविण्यासाठीं जिन्यांवरून धांवलीं, अनोळखी बिऱ्हाडांनीं त्यांना दारें उघडून आंत घेतलें, आणि शिपायांनीं रात्रीं घरोघर झडत्या घेतल्या. या घटनेचा दोष वास्तुशिल्पज्ञाकडे जात नाहीं. तरी सरकारनें बांधलेल्या घरांत राहणाऱ्यांना त्या रात्रीं सरकारचें दुसरें रूप दिसलें, आणि त्या चौकाचें नांव तेव्हांपासून इमारतींसाठीं न राहतां त्या रात्रीसाठीं घेतलें जाऊं लागलें.

१९ सप्टेंबर १९८५

त्या दिवशीं सकाळीं ७ वाजून १९ मिनिटांनीं पॅसिफिक किनाऱ्याजवळ आठ प्रतीचा भूकंप झाला. किनारा राजधानीपासून साडेतीनशें किलोमीटरांहून दूर; परंतु जुन्या सरोवराच्या मऊ गाळानें तो धक्का ताटांतल्या खिरीसारखा हिंदकळत ठेवला. सुमारें दोन दोन सेकंदांच्या हेलकाव्यानें जमीन झुलत होती. बुटकीं घरें आणि अति उंच मनोरे यांचा स्वतःचा हेलकावा निराळा असल्यामुळें तीं बरीचशीं वांचलीं; सहापासून पंधरा मजल्यांपर्यंतच्या इमारतींचा हेलकावा मात्र जमिनीच्या हेलकाव्याशीं जुळला आणि त्यांच्यावरच संकट कोसळलें. नेमक्या याच उंचीच्या इमारती पानी यांच्या वसाहतींत अधिक होत्या.

त्लातेलोल्कोंतील ‘नुएव्हो लेओन’ ही लांबलचक इमारत तीन भागांची होती. त्यांतील दोन भाग मुळांतून उलथून पडले. सकाळची वेळ; मुलें शाळेच्या तयारींत, घरोघर न्याहारी चाललेली. शेंकडों माणसें दगावलीं. सुप्रसिद्ध गायक प्लासिदो दोमिंगो यांचे आप्त त्या इमारतींत होते. ते स्वतः ढिगाऱ्यावर येऊन मदतीस लागले. हाताला मिळेल तें अवजार घेऊन बिळांत शिरणाऱ्या तरुणांची एक तुकडी तेथेंच तयार झाली. लोकांनीं त्यांना ‘तोपोस’ म्हणजे चिचुंद्र्या असें नांव दिलें, आणि पुढें या तरुणांनीं परदेशांतील भूकंपांतहि बचावाचें काम केलें. हुआरेस वसाहतींतीलहि अनेक इमारती पडल्या किंवा पुढें पाडाव्या लागल्या, आणि मेरिदा यांचीं चित्रें त्यांच्याबरोबर गेलीं.

दोष कोणाचा? येथें आम्ही घाईनें निकाल देऊं इच्छीत नाहीं. त्या मऊ जमिनीचें वागणें १९६० च्या सुमारास इंजिनियरांना पुरतें उमगलेलें नव्हतें. १९८५ नंतर बांधकामाचे नियम पुष्कळ कडक करण्यांत आले, यावरून पूर्वींचे नियम अपुरे होते हें उघड आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. नुएव्हो लेओनच्या रहिवाशांनीं इमारतीच्या पायाविषयीं आणि तिच्या कलण्याविषयीं भूकंपापूर्वींच तक्रारी केल्या होत्या, आणि त्यांचें समाधान झालें नव्हतें. वसाहत सरकारी बँकेची, देखभाल एका नेमलेल्या कंपनीची, राहणारे तिसरेच. रहिवाशांच्या हातीं प्रथम गाळ्याची पुरी मालकी नव्हती, दीर्घ मुदतीचें हक्कपत्र होतें. पाया खचूं लागला तर खर्च कोणी करावयाचा आणि हुकूम कोणाचा चालावयाचा, याचें सरळ उत्तर कोणाजवळच नव्हतें. ज्या गृहस्थानें सामाईक मालकीचा कायदा घडवून आणण्यासाठीं खटपट केली, त्याच्याच सर्वांत मोठ्या वसाहतींत सामाईक जबाबदारीचा प्रश्न असा लोंबकळत राहिला. भूकंपानंतर रहिवाशांनीं संघ स्थापून आपल्याला दूर हलवूं नये, वसाहत दुरुस्त करावी, असा लढा दिला. कांहीं इमारती पाडल्या गेल्या, कांहींचे वरचे मजले उतरविले, कांहींचे पाये मजबूत केले. परंतु त्लातेलोल्को उजाड झालें नाहीं. आजहि तेथें हजारों कुटुंबें नांदत आहेत.

मारिओ पानी यांचें देहावसान २३ फेब्रुवारी १९९३ रोजीं झालें.

मागें काय राहिलें

पानी यांची पहिली वसाहत, १,०८० गाळ्यांची, १९८५ च्या भूकंपांत उभी राहिली, आणि १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपांतहि उभी राहिली. तिचे गाळे पुढें रहिवाशांच्या मालकीचे झाले. तेथें लहानाचीं मोठीं झालेलीं माणसें आज नातवंडांना त्याच झाडांखालीं खेळवितात. उंच घरांत माणसें एकमेकांना दुरावतात, शेजारधर्म नाहींसा होतो, असा आक्षेप आपल्याकडेहि वरचेवर ऐकूं येतो. या वसाहतीचा अनुभव त्याच्या उलट आहे. जेथें दुकान, अंगण, बालकमंदिर आणि गॅलरी हीं सामाईक असतात, आणि जेथें एकाच घरांत दोन-तीन पिढ्या टिकून राहतात, तेथें शेजारधर्म तेराव्या मजल्यावरहि रुजतो.

पानी यांच्यानंतर मेक्सिकोची वाट बदलली. २००० सालानंतर सरकारी गृहकर्जाच्या बळावर खाजगी कंपन्यांनीं शहरांपासून कोसच्या कोस दूर, एकसारख्या चिमुकल्या घरांच्या अफाट वसाहती बांधल्या. घर स्वतःचें, जमिनीवरचें. परंतु शाळा, बाजार आणि नोकरी यांचा पत्ता नाहीं. हप्ते आणि बसभाडें यांच्या कात्रींत सांपडून अनेकांनीं तीं घरें सोडलीं. २०१० च्या शिरगणतींत देशांत सुमारें पन्नास लाख घरें रिकामीं आढळलीं. घरांची संख्या वाढविली म्हणजे घराचा प्रश्न सुटतो, या समजुतीचा याहून मोठा खोडसाळपणा दुसरा कोणता असेल? नव्या पिढींतील वास्तुशिल्पज्ञ तातियाना बिल्बाओ यांनीं २०१५ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत एक अल्पखर्ची घर मांडलें. तत्पूर्वीं त्यांनीं साध्या कुटुंबांना प्रत्यक्ष विचारून घेतलें होतें. लोकांना घर वाढवितां येणारें हवें होतें, पण पहिल्या दिवसापासून तें पुरें झालेलें दिसावें अशीहि त्यांची इच्छा होती. म्हणून मधला भाग पक्का, आणि कुटुंब वाढेल तसतशा भोंवतालच्या खोल्या वाढवितां येतील, अशी योजना त्यांनीं केली. मुलाच्या लग्नाआधीं घराला एक खोली जोडणारे आमचे वाचक ही योजना लागलीच ओळखतील. पानी यांनीं हजारों कुटुंबांसाठीं घरें आंखलीं. बिल्बाओ यांनीं आंखण्यापूर्वीं कुटुंबांना विचारलें. या दोहोंत जें अंतर आहे, तें ओलांडावयास त्या देशाला साठांहून अधिक वर्षें लागलीं.

पानी यांच्या कामाचें मोल आम्हांस कमी लेखावयाचें नाहीं. उजेड, वारा, झाड आणि स्वतःचें स्नानगृह हीं श्रीमंतांचींच मिरास नव्हेत, कारकुनाच्या आणि शिक्षिकेच्या कुटुंबालाहि तीं मिळालीं पाहिजेत, हें त्यांनीं भाषणांतून नव्हे, तर काँक्रीटमधून सिद्ध केलें. परंतु घर बांधून झालें म्हणजे काम संपलें, असें त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं मानलें, आणि त्याची किंमत पुढच्या पिढीनें सकाळच्या न्याहारीच्या वेळीं मोजली.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं कुटुंबें आतां वाडे सोडून सोसायटीच्या गाळ्यांत राहावयास गेलीं आहेत, किंवा जाण्याच्या विचारांत आहेत. त्यांनीं गाळा घेतांना दिवाणखान्याची लांबी-रुंदी आणि स्वयंपाकघराचा ओटा जरूर पाहावा. परंतु त्याबरोबरच दोन गोष्टी विचाराव्या. इमारतीचा पाया कसल्या जमिनीवर आहे, आणि वीस वर्षांनीं तिला तडा गेला तर दुरुस्तीसाठीं दर महिन्यास वेगळी रक्कम सांठवून ठेवली जाते कीं नाहीं. सोसायटीच्या सभेंत हा विषय निघाला म्हणजे बहुतेक मंडळी घड्याळाकडे पाहूं लागतात. घरांतील वडीलधाऱ्यांनीं तरी तो विषय पुरा होईपर्यंत खुर्ची सोडूं नये.